पान एकशे बारा

१२ फेब्रुवारी

प्रिय मैना,

सोबत तीन पुस्तकं पाठवते आहे. तिन्ही मी आधी वाचली. न वाचता तुला पाठवणं बरं वाटेना, आणि वाचताना तर मुळीच बरं वाटेना. चव्वेचाळीस वर्षांची, लग्नच न केलेली ग्रंथपाल टेबलाशी बसून घटस्फोटात मन कसं सावरावं ते वाचते आहे, हे बघून आमचे निवृत्त मुख्याध्यापक दोनदा समोरून फिरून गेले. तिसऱ्यांदा थांबून म्हणाले, "बाई, आधी पहिली पायरी तरी चढा." मी हसले. घरी आल्यावर वाटलं, हसायला नको होतं. तो विनोद तुझ्या दुःखावर झाला होता.

वकीलबाईंनी तुला सांगितलंय की सासरच्यांशी फोनवर बोलू नका, हल्ली सगळं रेकॉर्ड होतं. म्हणून हे पत्र. मीही सासरचीच, तुझ्या नवऱ्याची, आमच्या धाकट्याची सख्खी बहीण. पोरीला, टिकलीला घेऊन तू त्या दोन खोल्यांत राहायला गेलीस त्याला पाच महिने झाले, आणि तुला लिहिण्याचा मला काही हक्क आहे की नाही, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. त्याचा अबोला मी लहानपणापासून ओळखते. एकदा माझ्या हातून त्याची कंपासपेटी हरवली तर तो बाविसाव्या दिवशी माझ्याशी बोलला. मला ते बावीस दिवस जड गेले होते. तू शेवटचे चाळीस काढलेस, त्याआधीचे वेगळे. हे मी त्याच्या तोंडावर कधी बोलले नाही, तुला मात्र घडाघडा लिहिते आहे. यात तुझ्याबद्दलची माया किती आणि माझा भित्रेपणा किती, ते तूच ठरव.

आता पुस्तकांबद्दल. लाल पुस्तक सारखं श्वास घ्यायला सांगतं. मोठ्या अक्षरातल्या पुस्तकाच्या लेखिकेला दुसरा नवरा फार लवकर मिळालेला दिसतो, तेव्हा साठाव्या पानापुढे जाऊ नकोस. निळं मला खरं वाटलं. त्यात प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी स्वाध्याय आहेत आणि लिहायला कोऱ्या ओळी. पुस्तक वाचनालयाचं असलं तरी लिही. आमचा नियम असा की लिहायचं तर पेन्सिलीने, आणि परत आलेलं प्रत्येक पुस्तक मी स्वतः पानन् पान तपासून, पुसून मगच कपाटात लावते. वीस वर्षांत याला अपवाद झालेला नाही.

टिकलीला माझा पापा.

तुझी
ताई


१ मार्च

ती. ताईंना,

नणंद भावजयीला घटस्फोटाची पुस्तकं पोस्टाने धाडते, हे आमच्या लॅबमध्ये सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही. म्हणून सांगितलं नाही. तशाही तिथे सगळ्या बायका दिवसभर दुसऱ्यांच्या दातांकडे बघत असतात, आपल्याकडे बघायला कुणाला वेळ नाही. सध्या एका आजोबांची वरची कवळी तिसऱ्यांदा करते आहे. त्यांचं म्हणणं, कवळी बसते, पण हसलो की चेहरा आपला वाटत नाही. डॉक्टर वैतागलेत. मला मात्र आजोबांचं पटतं.

लाल पुस्तक म्हणतं, रोज तीनदा आरशात बघून स्वतःला 'तू पुरेशी आहेस' असं सांगा. आमच्या न्हाणीघरात घरमालकाने आरसा इतका उंच लावलाय की मला फक्त कपाळ दिसतं. कपाळाला काय सांगू?

निळ्याने मात्र मला धरून ठेवलं. पान एकशे बारावर लिहिलंय: 'तुमच्या हातून झालेल्या दहा चुका लिहा. जोडीदाराच्या नव्हे, तुमच्या. हे पान फक्त तुमच्यासाठी आहे.' तीन दिवस ते पान उघडून मिटत होते. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत बसले आणि दहाच्या दहा लिहून काढल्या. कुणाला कधी न सांगितलेलंही लिहिलं. मग डबा उघडून जेवले. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा डबा संपला.

पुस्तक घरात ठेवायची भीती वाटते. टिकली नऊ वर्षांची झाली, हल्ली औषधाच्या बाटलीवरचंही वाचून काढते. स्वतः पुसायला घेतलं, पण पुसायचं म्हणजे पुन्हा वाचावं लागतं. तेव्हा तुम्हीच पुसा. वाचू नका असं मी तुम्हाला कशी म्हणू? पण वाचलंत तर मला सांगू नका.

कोर्टाची तारीख सहा मेची आहे. मला बाकी काही नको, ताई. घर, कपाटं, सगळं त्यांना राहू दे. टिकली माझ्याकडे राहावी, एवढंच. सध्या ती माझ्याकडे आणि रविवारी त्यांच्याकडे असते. हे असंच राहिलं तरी मी पुढचं सगळं निभावेन.

तुमची
मैना


२२ मार्च

प्रिय मैना,

निळं पुस्तक मिळालं. काळजी करू नकोस.

या आठवड्यात धाकटा दोन दिवस येऊन गेला. इथल्या नव्या इस्पितळाच्या लिफ्टचं काम होतं. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस माझ्याकडे तीन जिने चढून आला आणि आल्यावर दहा मिनिटं काही बोलला नाही. दमला म्हणून की सवयीने, ते कळलं नाही. मग आपण होऊन म्हणाला, टिकलीच्या जुन्या चपला दाराशी आहेत त्या मी हलवलेल्या नाहीत. मी विचारलं, हे तिच्या आईला कधी सांगितलंस का? तर म्हणाला, "तिच्या मनात काय असतं तेच मला कधी कळलं नाही, ताई. कळलं असतं तर बोललो असतो."

त्या वाक्याने माझी झोप उडवली. इतकी वर्षं मी त्याला आडमुठा समजत होते. कदाचित तो नुसता अडकलेला असेल. तुम्हा दोघांत कुणीतरी आधी दार किलकिलं केलं पाहिजे, एवढंच असेल.

जाताना त्याच्या पिशवीत वाचायला काही दिलं. तो वाचणाऱ्यांतला नाही, पण प्रवास आठ तासांचा होता. बघू या. मला का कोण जाणे, थोडी आशा वाटते आहे.

तुझी
ताई


७ एप्रिल

ती. ताई,

आशेचं तुम्ही लिहिलंत आणि इथे उलटंच झालं.

रविवारी हे टिकलीला सोडायला आले. नेहमी खालूनच घंटा वाजवून जातात. या खेपेला वर आले, ती आत गेल्यावर दारातच उभे राहिले, आणि हळू आवाजात विचारलं, "तू तिला आत कोंडून बाहेरून कडी लावली होतीस?" उत्तरासाठी हे जरा थांबले आणि निघून गेले.

तुम्ही माझं पान पुसताना वाचलं असेल तर तुम्हाला माहीत आहे. नसेल तर आता सांगते. ती तेव्हा सहा वर्षांची होती. दुपार होती, आणि यांच्या एका अबोल्याचा एकोणिसावा दिवस. तिच्या हातून पाण्याचा जग सांडला आणि माझा हात उठला. तो हात खाली यायच्या आत मी तिला खोलीत सोडलं, बाहेरून कडी घातली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून जिन्यात बसून राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. ती रडत नव्हती, त्याचीच जास्त भीती वाटत होती. परत आले तर जमिनीवर झोपली होती.

हे फक्त आम्हा दोघींना माहीत. मी कुणाला सांगितलेलं नाही, पान तर तुम्ही पुसलंत. म्हणजे टिकलीनेच सांगितलं. तिला विचारलं तर म्हणाली, मला तसलं काही आठवतच नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. मी तिला खोटारडी म्हणाले, ताई. आयुष्यात पहिल्यांदा. तासाभराने माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "हो आई, मीच सांगितलं." कधी, असं विचारलं तर म्हणे आठवत नाही.

आता रविवारी ती निघाली की मी तिच्या तोंडाकडे बघत बसते, आज आणखी काय सांगणार म्हणून. आपल्याच पोरीकडे असं बघायची वेळ आली.

मैना


१५ एप्रिल

प्रिय मैना,

टिकलीने काही सांगितलेलं नाही. तिला आत्ताच्या आत्ता जवळ घे आणि हे सांग, मग पुढचं वाच.

मी तुझं पान पुसलं नाही. मी ते वाचलं. एकदा नाही, तीनदा. आणि धाकट्याच्या पिशवीत जे पुस्तक दिलं ते हेच. एकशे बारा पानावर माझ्या हाताने खूण ठेवून दिलं.

मागचं पत्र काढून बघ. त्यात 'पुसलं' असा शब्द नाही. 'काळजी करू नकोस' असं आहे. मी खोटं लिहिलं नाही, फक्त खरं लिहिलं नाही, आणि ते वाक्य दोनदा खोडून नीट जुळवलं होतं. म्हणजे मला तेव्हाही कळत होतं.

का केलं ते सांगते, पण त्याने काही कमी होत नाही. तुझ्या दहा ओळींत तू त्याला एकदाही दोष दिलेला नाहीस. इतकं स्वच्छ मी कुणाचं वाचलेलं नाही, आणि माझं आयुष्य वाचण्यात गेलं. मला वाटलं, तुझ्या मनात काय असतं ते त्याला कळत नाही ना, मग हे वाचेल आणि कळेल. वाचून त्याला रडू येईल, तोही आपल्या दहा चुका लिहील. मला आलं होतं रडू. सगळ्यांना माझ्यासारखंच होतं, असं मी धरून चालले. तुझं नाव पुढे करून मी खरं तर माझ्या भावाला बरं करायला निघाले होते, असंही आता वाटतं. कोणतं खरं, ते शोधून तुला काय उपयोग.

त्याला पुस्तक परत दे म्हणून लिहिलंय. सहा मेला मी तिथे येते. जे घडलं ते कोर्टात उभी राहून सांगेन.

ताई


२३ एप्रिल

ताई,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पुस्तक वकिलांकडे आहे, आता परत देता येणार नाही.

तू लिहितेस मी दगा दिला. ताई, मी मागितलं नव्हतं. तू दिलंस. तू ग्रंथालयाचा नियम कधी मोडत नाहीस, मला शाळेत असताना पुस्तक परत करायला एक दिवस उशीर झाला तरी ओट्यावर उभं करायचीस. अशी तू, न पुसलेलं पुस्तक, नेमक्या पानावर खूण ठेवून माझ्या पिशवीत घालतेस. मी गाडीत ते वाचलं आणि मला एवढंच समजलं की ताईला काही तरी सांगायचंय आणि तिला ते तोंडाने सांगवत नाही. पोरीला तिथून काढ, असं तू म्हणते आहेस असं मला वाटलं. दुसरा काय अर्थ घ्यायचा होता?

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. सहा वर्षांची पोर आत आणि बाहेरून कडी. मी तेव्हा कामावर होतो. मग मनात आलं, आणखी काय काय झालं असेल जे लिहिलेलं नाही.

बाकीच्या नऊ ओळी मी वाचल्या. त्यावर मला बोलता येत नाही.

तुझा भाऊ


९ मे

ताई,

तुम्ही कोर्टाबाहेरच्या बाकावर पाच तास बसला होतात. मी पाहिलं नाही असं नाही, मुद्दाम पाहिलं नाही. तुम्हाला आत का बोलावलं नाही ते वकीलबाईंनी मला सांगितलं: "त्या येऊन काय सांगणार? हे लिहिलेलं नाही असं? लिहिलेलं तर आहे."

तुमच्या भावाच्या वकिलाने चौथी ओळ तेवढी वाचली. दहातल्या नऊ चुका मी त्यांच्याशी कशी वागले याच्या होत्या. टोमणे मारले, त्यांच्या आजारपणात माहेरी जाऊन बसले, असलं. त्या कुणी विचारल्याच नाहीत. बाईंनी मला आधी पढवून ठेवलं होतं की अक्षराबद्दल विचारलं तर नक्की सांगता येत नाही म्हणा. न्यायाधीशांनी पुस्तक पुढे केलं आणि विचारलं, अक्षर तुमचं का? मी हो म्हणाले. इतक्या साध्या आवाजात विचारलं होतं, की माझ्याच्याने दुसरं काही म्हणवलं नाही. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "तुम्हाला वकील कशाला लागतो?"

न्यायाधीशांनी टिकलीला वेगळ्या खोलीत नेऊन विचारलं. तीही म्हणाली, हो, आईने कोंडलं होतं. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी तिला जवळ घेऊन सांगितलं होतं की तू काही बोलली नाहीस, माझंच चुकलं. तिने मान हलवली. मला बरं वाटावं म्हणून हलवली असणार.

शेवटचा निकाल लागेपर्यंत ती तिच्या बाबांकडे. मला दर रविवारी कोर्टाच्या भेटीच्या खोलीत दोन तास. त्या खोलीत प्लास्टिकच्या बुटक्या खुर्च्या आहेत, मोठ्या माणसाला बसलं की गुडघे हनुवटीशी येतात.

तुम्ही वाईट नाही हे मला माहीत आहे. तुमच्यावर चिडायला सुद्धा त्यामुळे जमत नाही. पुस्तकं पाठवू नका.

मैना


२० मे

प्रिय मैना,

तू लिहू नको म्हणाली नाहीस, पुस्तकं नको म्हणालीस, म्हणून लिहिते आहे. टिकली काल माझ्याकडे आली.

तुला हे आधी कळायला हवं होतं. धाकट्याला कधीही कामावर बोलावतात, शाळेला सुट्टी लागली, पोरीला एकटी घरात ठेवायची नाही. बाहेरून कुलूप लावून जाणं तर त्याला शक्यच नाही, कोर्टात एवढं बोलून झाल्यावर. मग उरले मी. न विचारता तिला घेऊन आला. तीन जिने तिची पेटी उचलून आणली आणि दारात म्हणाला, "तूच सांभाळ." रागाने नव्हे. त्याच्याकडे दुसरं कुणी नाही.

म्हणजे तुझी मुलगी तुझ्याकडून काढून घेतली आणि दिली कुणाला, तर मला. मी त्याला म्हणाले, तिला आईकडे सोड महिनाभर. तो म्हणाला, कागदावर तसं नाही. मग रविवारच्या भेटीचं काय? म्हणाला, वकिलांना विचारतो. त्याचे वकील बाहेरगावी आहेत. तुझ्या वकीलबाईंना मी फोन केला, त्या म्हणाल्या अर्ज करू, पण कोर्टाच्या सुट्टीनंतरच तो घेतील. मी स्वतः तिला घेऊन आठ तासांवर येईन म्हटलं, तर म्हणाल्या, मुलीच्या वडिलांच्या परवानगीशिवाय आणलंत तर तेच तुमच्या भावजयीच्या विरुद्ध जाईल. हात लावीन तिथे तुझंच नुकसान होतं आहे.

ती गुणी वागते. फार गुणी. ताट स्वतः विसळते. पाणी पिताना दोन्ही हातांनी पेला धरते आणि ठेवताना माझ्याकडे बघते. आज दुपारी मी वाचनालयात बसले होते, ती शेजारी चित्रं बघत होती. मान वर न करता म्हणाली, "आत्या, मी बाबांना सांगितलं नसतं तर मी आईकडेच असते ना?"

मी पुस्तक बाजूला ठेवून तिला सगळं सांगितलं. तू सांगितलं नाहीस, आईने लिहिलं होतं, ते मी बाबांना दिलं, चूक माझी. तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण मला आता आठवतं, आत्या. मी त्यांना गाडीवर सांगितलं होतं." कोणत्या दिवशी, कोणत्या रस्त्याने, सगळं सांगितलं. लाल दिवा लागला होता म्हणे.

हे तिने मनाने रचलंय, हे तिला माहीत नाही. माझं ती ऐकत नाही. मी आत्या आहे, समजूत घालते आहे, असं तिला वाटतं. तुझ्याकडून लेखी आलं तर कदाचित ऐकेल. पण तू लिहावंस असं मी म्हणणार नाही. तुझ्या हातचा कागद काय करतो, ते मी एकदा पाहिलंय. मी फक्त ती काय म्हणाली ते कळवलं. या वेळी काही गाळलेलं नाही.

ताई


२७ मे

टिकले,

आत्याच्या पत्त्यावर हे पत्र पाठवते आहे, पण हे तुझं आहे. तूच वाच. अडलं तर आत्याला विचार.

तू सहा वर्षांची असताना एका दुपारी मी तुला खोलीत ठेवून बाहेरून कडी लावली होती. तू काही वाईट केलं नव्हतंस. पाणी सांडलं होतं, ते कुणाच्याही हातून सांडतं. मला राग आला होता आणि तो तुझा नव्हता. मी जिन्यात बसले होते. तू झोपलीस, म्हणून तुला आठवत नाही.

हे तू बाबांना सांगितलं नाहीस. गाडीवर नाही, लाल दिव्याशी नाही, कुठेच नाही. मी तुला खोटारडी म्हणाले आणि मग मला बरं वाटावं म्हणून तू हो म्हणालीस. त्याआधी तू खरं बोलत होतीस. तू पहिल्यांदा जे 'नाही' म्हणालीस ना, ते खरं होतं. मीच ऐकलं नाही.

वकीलबाई म्हणाल्या, असलं काही लिहून देऊ नका, आणखी अडचण होईल. त्यांचं बरोबर असेल. हे पत्र कुणी मागितलं तर देऊन टाक. लपवू नकोस, फाडू नकोस, तुला त्याची काळजी करायची नाही.

मला तुला भेटायची परवानगी आहे, पण ती इथल्या खोलीत आहे, आणि तू तिथे आहेस. परवाच्या रविवारी मी तिथे जाऊन बसले होते. तिथल्या बाई म्हणाल्या, मुलगी आलेली नाही, तुम्ही घरी जा. मी म्हटलं, दोन तास माझे आहेत, बसते. त्यांनी पंखा लावून दिला.

येत्या रविवारीही बसेन. दहा ते बारा.

आई